जनरेटर नसलेला बँड

जनरेटर नाही म्हणून आमचा बँड नापास झाला. पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत. वसईतल्या नंदाखाल गावचा आमचा ब्रास बँड. त्यात ट्रम्पेट आहे, क्लॅरिनेट आहे, ट्रॉम्बोन आहे, काशीरामच्या पोटावर बांधलेला मोठा ढोल आहे आणि, विषय निघालाच आहे तर सांगतो, माझ्या हातातली झांज आहे. हा बँड सरकारी मूल्यमापनात 'यंत्रसामग्री' या सदराखाली शून्य गुण मिळवून पडला. ज्यांना त्या सदरात पैकीच्या पैकी मिळाले, त्यांच्याकडे जनरेटर होता. बँड नव्हता.

मी रागावून सांगतोय असं वाटत असेल तर तसंच आहे. लविना, म्हणजे माझी बायको, म्हणते, "क्लिफर्ड, आधी प्रेशरची गोळी घे, मग लोकांना सांग." गोळी घेतलीय. काही फरक नाही.

माणिकपूरच्या बाजूला एक सरकारी कार्यालय आहे. नाव घेत नाही, कारण तिथे मला अजून कामं आहेत. या कार्यालयाच्या आवारात दर एक मेला झेंडावंदन होतं आणि राष्ट्रगीत आमचा बँड वाजवतो. सॅन्टनकाका आमचे बँडमास्तर. त्यांच्या आधी त्यांचे वडील तिथे वाजवत. पूर्वी कार्यालयाचं पत्र यायचं, मग नुसता फोन यायला लागला, आणि पुढे पुढे तर तिथला शिपाई बाजारात भेटला की भाजी निवडता निवडता म्हणायचा, "येताय ना?" आम्ही पांढरे गणवेश चढवून जायचो, वाजवायचो, वडा आणि चहा घ्यायचो आणि घरी यायचो. यात कुणाला कधी भ्रष्टाचार दिसला नव्हता.

यंदा शिपाई भेटला तो मान खाली घालून. म्हणाला, "साहेब, आता पारदर्शकता आलीय." म्हणजे ई-निविदा. झेंडावंदनाच्या बँडसाठी ज्यांची इच्छा असेल त्यांनी ऑनलाइन प्रस्ताव भरावेत, समिती गुण देईल, आणि ज्याला जास्त गुण तो वाजवेल.

मी सॅन्टनकाकांना सांगायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून ट्रम्पेट पुसत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आम्ही आपसांत आमच्या बोलीतच बोलतो, तुमच्यासाठी सरळ करून सांगतो. ते म्हणाले, "लग्नं बहुतेक डीजेवाल्यांनी नेली. वाढदिवसाला आता कोण बोलवतं? राहिल्या काय, मयती. आणि हा एक झेंडा. क्लिफर्ड, झेंडा गेला तर वाद्यं पुसायची आणि चर्चच्या माळ्यावर ठेवायची. नुसता मयतीचा बँड म्हणून मला वाजवायचं नाही."

मी बँडचा चिटणीस. विमा कंपनीत सगळी हयात अर्ज, खुलासे आणि स्मरणपत्रं लिहिण्यात गेलेली. माझं 'उपरोक्त विषयान्वये' पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. मी काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "काळजी करू नका. कागद म्हटला की मी आहे." लविना नंतर म्हणाली की तिथेच काळजी करायला हवी होती.

निविदेचा मसुदा गटाराच्या कामाचा होता. तसं कुणी कबूल केलं नाही, पण ज्याने कधी गटाराची निविदा वाचलीय त्याला वासावरून कळेल. वरचं 'गटार' काढून 'बँड' घातलेलं, खालचं सगळं तसंच. यंत्रांची अश्वशक्ती किती? मी लिहिलं: लागू नाही, वाद्ये फुंकून वाजवली जातात. कामगारांना हेल्मेट पुरवणार का? लिहिलं: टोप्या आहेत, तुऱ्यासह. काम संपल्यावर राडारोडा उचलण्याची व्यवस्था काय? लिहिलं: आमच्या कामातून राडारोडा निघत नाही. स्वतःचा जनरेटर आहे का? लिहिलं: आवश्यकता नाही.

काशीराम खाडीकडच्या गावातला शेतकरी. आमच्या बँडात ख्रिस्ती नसलेला एकटाच, पण ढोल त्याच्याइतका नेमका वाजवणारा वसईत दुसरा नाही. तो माझ्या शेजारी बसून हे सगळं बघत होता. म्हणाला, "अश्वशक्ती कोन विचारतंय? माझ्या बैलांची लिहून टाक ना. कोन मोजायला येनार?" मी त्याला कडक शब्दांत सांगितलं की सरकारी कागदावर खोटं लिहायचं नसतं. आता वाटतं, लिहायला हवे होते बैल.

शेजारच्या फ्रेडरिकचा सल्ला वेगळाच होता. फ्रेडरिकने एकदा तक्रार करून रस्त्यातला एक विजेचा खांब हलवून घेतला होता, तेव्हापासून तो स्वतःला अर्धा वकील समजतो. (खांब दुसऱ्याच दिवशी परत होता तिथे आला, पण ते तो सांगत नाही.) तो म्हणाला, "प्रस्ताव जाड पाहिजे, क्लिफर्ड. समिती वाचत नाही, वजन करते." म्हणून मी बँडचे जुने फोटो, फादरांचं शिफारसपत्र आणि काकांच्या वडिलांना मिळालेल्या चांदीच्या पदकाचं चित्र, सगळं जोडलं. ते अपलोड होईना. 'फाइल फार मोठी आहे' असं ते संकेतस्थळ लाल अक्षरांत म्हणत राहिलं, शेवटी जोडलेलं सगळं काढलं तेव्हा कुठे अर्ज गेला. जाड केलं म्हणून नापास आणि बारीक केलं म्हणूनही नापास, असा हा कारभार.

निकाल लागला शुक्रवारी संध्याकाळी, कार्यालय बंद होता होता. पहिला क्रमांक 'हर्षवर्धन इव्हेंट्स अँड जनरेटर्स'. हा पोरगा मांडव, खुर्च्या आणि जनरेटर भाड्याने देतो. बँड पथकाचा म्हणून त्याने एक फोटो जोडला होता, त्यातल्या वादकांच्या मागे बर्फाचे डोंगर दिसत होते. 'तत्सम कामाचे दाखले' या सदरातही आम्हाला भोपळा. एवढी वर्षं वाजवलं, पण वाजवल्याचा दाखला कधी मागितलाच नव्हता. वडा खाऊन दाखला कोण मागतो?

आक्षेप घ्यायचा तर सोमवारी दुपारपर्यंत, तोही ऑनलाइन, आणि शनिवार-रविवार कार्यालयाचा फोन कुणी उचलणार नाही. मी दोन्ही दिवस खपून आक्षेप लिहिला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम लेखन. त्यात नैसर्गिक न्यायाचं तत्त्व होतं, संविधान होतं, आणि शेवटी थोडी करुणा होती. सोमवारी पापडीच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो तर आक्षेपाच्या चौकटीत अडीचशे अक्षरांच्यावर काही मावेना. अडीचशे अक्षरांत माझं 'महोदय, सविनय निवेदन' संपत नाही हो. शेवटी आक्षेपाचा प्रकार विचारला त्याला 'रस्ता, गटार, इमारत, इतर' यातलं 'इतर' निवडलं आणि लिहिलं: बँड न ऐकता बँडला गुण दिले. हे कोणत्या न्यायात बसते?

लविना म्हणाली, "बघ, तुलाही थोडक्यात लिहिता येतं."

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. काका, काशीराम आणि कोट घातलेला मी. समितीच्या सचिव रोशनी मॅडम. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि मग अन्याय केला.

"सर, मूल्यमापन निकषांनुसारच झालंय," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे जनरेटर नाही."

"मॅडम, ट्रम्पेटला वीज लागत नाही."

"ते तांत्रिक झालं, सर. निकष सगळ्यांना सारखा."

"तुम्ही आमचा बँड ऐकलात का?"

"निकषांत ऐकणं नाही."

हे वाक्य त्या इतक्या सरळपणे बोलल्या की मी ते वहीत उतरवून घेतलं. काशीरामला राहवलं नाही. तो म्हणाला, "बाई, नवरी बघायला गेलात आन् घराचं मीटर बघून आलात." रोशनी मॅडमना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. पण आतल्या केबिनमधले मोठे साहेब हे ऐकत होते. ते नवीन बदलून आलेले, घाटावरचे. ते बाहेर आले, काकांचे पांढरे केस बघितले आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. प्रात्यक्षिक घ्या. गुण पुन्हा द्या."

त्या दिवशी मी नंदाखालच्या रस्त्यावरून उगाचच दोनदा फिरून आलो. सरकारला नमवलेला माणूस कसा दिसतो ते लोकांना बघू द्यावं म्हटलं. फ्रेडरिक म्हणाला, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात." मी म्हटलं, "चढावी, फक्त चढणारा माझ्यासारखा पाहिजे." हे वाक्य लविनाने तेव्हापासून जपून ठेवलंय. जेवण खारट झालं की काढते.

प्रात्यक्षिक ठरलं ते उपवासकाळात. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगून ठेवतो. ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ म्हणजे प्रायश्चित्ताचे दिवस. त्या दिवसांत आमच्यात लग्न होत नाही, साखरपुडा होत नाही, नाचगाणं नाही. पण माणसं मरायची थांबत नाहीत. म्हणजे तेवढा काळ बँड फक्त मयतींना जातो. कुणाच्या घरून निघायचं, काकांच्या हाताच्या खुणेसरशी संथ चाल धरायची, चर्चपर्यंत न्यायचं. ती चाल आमच्या बोटांत इतकी मुरलेली असते की कुणी 'हळू' म्हटलं की तीच निघते.

समिती आवारात खुर्च्या टाकून बसली होती. आधी राष्ट्रगीत झालं. निर्दोष. साहेब सावधान उभे होते आणि संपल्यावर त्यांनी स्वतःहून मान डोलावली. रोशनी मॅडमनी कागदावर काहीतरी मोठा आकडा लिहिलेला मी पाहिला. आम्ही तिथेच थांबलो असतो तर आज ही कथा नसती. पण साहेबांना उत्साह आला. ते म्हणाले, "प्रमुख पाहुणे गाडीतून उतरून झेंड्यापर्यंत चालत येतील, तेव्हा काय वाजवता? मी फाटकातून येतो पाहुण्यांसारखा. काहीतरी संथ, रुबाबदार वाजवा."

साहेब फाटकाबाहेर गेले. काकांनी हात वर केला आणि संथ चालीची खूण केली. आणि आम्ही वाजवली. जी येत होती ती.

मला तिसऱ्या स्वराला कळलं. झांज हातात तशीच राहिली. पण बँड एकदा सुरू झाला की काकांच्या खुणेशिवाय थांबत नाही, आणि काकांनी डोळे मिटले होते. फाटकाबाहेरच्या चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. रिक्षा स्टँडवरचे आमच्यातले दोन-तीन ड्रायव्हर खाली उतरले आणि त्यांनी क्रूसाची खूण केली. समोरच्या शिंप्याने शटर अर्धं ओढलं. साहेब पुढे, ताठ मानेने, एकेक पाऊल मोजून टाकत येतायत आणि त्यांच्यामागे रस्त्यावरची माणसं चपला काढून, डोकं झाकून निमूट चालू लागलीत. आमच्याकडे मयत दिसली की चार पावलं बरोबर चालायची रीत आहे. साहेबांना वाटलं, जनता आपल्या पाठीशी आहे. त्यांनी मागे वळून नमस्कार केला.

एका म्हाताऱ्या आंटीने त्यांनाच विचारलं, "कोण गेलं, बाबा?"

साहेब म्हणाले, "कोणी नाही. मी आहे."

आंटी दोन पावलं मागे सरली. मग कुणीतरी साहेबांच्या गळ्यात हार घालायला पुढे आलं, दुसऱ्याने त्याला दटावलं की हार गळ्यात नसतो घालायचा, आणि तेवढ्यात काकांनी डोळे उघडले.

संध्याकाळपर्यंत वसई रोडपासून नालासोपाऱ्यापर्यंत बातमी पोचली होती की कार्यालयाचे नवे साहेब गेले. त्यांच्या घरी सांत्वनाचे फोन सुरू झाले, आणि त्यातले बरेचसे साहेबांनीच उचलले. फेरमूल्यमापनाच्या निकालात आम्हाला 'ध्वनी: उत्तम', 'श्रोत्यांवरील परिणाम: तीव्र' आणि 'प्रसंगानुरूपता: शून्य' असे शेरे मिळाले. जनरेटरचं शून्य होतं तिथेच होतं. काम हर्षवर्धनला.

मी पुन्हा आक्षेप घेणार होतो. साहेब जिवंत होते यात बँडचा काय दोष? पण काका म्हणाले, "राहू दे." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरावरून गेलो तर ओट्यावर वाद्यांच्या पेट्या रांगेत मांडल्या होत्या आणि ते कुलपांत तेल घालत होते. मी तसाच पुढे गेलो. मला फार वाईट वाटलं. ऐंशीकडे झुकलेल्या माणसाची पेटी माझ्या कोटाने आणि कागदाने बंद केली, असं वाटत राहिलं, आणि राग आला तो सगळा त्या जनरेटरवर आला.

मग एप्रिलअखेर हर्षवर्धन स्वतः माझ्या दारात. बर्फातला बँड अर्थातच अस्तित्वात नव्हता. बाकी कुठलाही बँड मिळेना, कारण ईस्टर झाला, लग्नं उघडली, आणि एक मेला सगळ्या वसईतली पथकं कुठे ना कुठे गुंतलेली. मोकळे फक्त आम्ही. झेंड्यासाठी तो दिवस मोकळा ठेवायची आम्हाला सवय.

"अंकल, प्लीज," तो म्हणाला. "तुम्ही फक्त वाजवा. बाकी सगळं माझं. फक्त टी-शर्ट आमचे घालावे लागतील, कागदावर पथक माझं आहे ना." आणि त्याने पिशवीतून टी-शर्ट काढला. पाठीवर कंपनीचं नाव, खाली जनरेटरचं रंगीत चित्र.

मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. आमच्या स्पर्धेत आम्हाला पाडणार, आणि आमचंच राष्ट्रगीत आमच्याच हातून, याच्या जनरेटरच्या नावावर वाजवून घेणार? चोर तो चोर, वर शिरजोर. मी दार लावतच होतो, तेवढ्यात काका आले; लविनाने फोन करून त्यांना बोलावून घेतलं होतं. काकांनी टी-शर्ट हातात घेतला, उलटा करून चित्र बघितलं.

"काका, हा अपमान आहे," मी म्हटलं.

"आहे," ते म्हणाले. "पण झेंडा पुढून बघतो. मागे काय छापलंय ते त्याला दिसत नाही."

एक मेला आम्ही उभे राहिलो. काशीरामच्या पोटावर टी-शर्ट उतरेना, म्हणून त्याने ढोल जरा वर बांधून पोट झाकलं. आणि आमच्यापासून हातभर अंतरावर, निविदेच्या अटीनुसार, कार्यक्रम संपेपर्यंत अखंड चालू ठेवलेला जनरेटर. घर्र घर्र घर्र. वीज गेलेली नव्हती. त्याला एकच माईक जोडला होता, आणि त्या माईकमधून फक्त जनरेटरच ऐकू येत होता.

पाहुणे चालत आले. त्या वेळी काय वाजवायचं ते रोशनी मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं: काहीही नाही. झेंडा वर गेला. 'सावधान' झालं. काकांनी हात उचलला आणि तसाच खाली आणला. त्यांनी जनरेटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आमच्या राष्ट्रगीतात झांजेला काम नाही, हे आमच्या बँडात सगळ्यांना माहीत आहे आणि लविना ते बाहेरही सांगते. त्या आवारात हात रिकामे असलेला मी एकटाच होतो.

मी रांग सोडली आणि चालत जाऊन जनरेटरचं लाल बटण दाबलं. मला अडवणार कोण? साहेब सावधान. रोशनी मॅडम सावधान. हर्षवर्धन सावधान, फक्त त्याचे डोळे माझ्याबरोबर जनरेटरपर्यंत आले आणि परत गेले.

एकदम शांत झालं. माईकही मेला. मग काकांचा हात पुन्हा वर गेला आणि राष्ट्रगीत सुरू झालं, नुसतं माणसांच्या छातीतल्या वाऱ्याचं. ते फाटकाबाहेर गेलं. रिक्षा स्टँडवर इंजिनं बंद झाली, शिंपी कात्री धरून उभा राहिला, चहावाला उभा राहिला. या खेपेला कोण गेलं म्हणून कुणी विचारलं नाही. मला रडू आलं. सांगायला लाज नाही, झांज तोंडासमोर धरता येते हा त्या वाद्याचा फायदा आहे.

इथे थांबता आलं असतं. पण आठवड्याने हर्षवर्धनने मला मोबाइलवर कार्यालयाच्या दाखल्याचा फोटो पाठवला, खाली हात जोडलेलं चित्र आणि 'थँक्यू अंकल'. दाखला त्याच्या नावाचा. म्हणजे पुढच्या वर्षी तत्सम कामाचा अनुभव त्याला, आम्हाला पुन्हा भोपळा. आणि मजकूर असा: 'सदर संस्थेने ध्वजवंदनाचे काम समाधानकारकरीत्या पार पाडले. विशेषतः राष्ट्रगीताचे वेळी संस्थेचा जनरेटर अत्यंत सुरळीत व विनाआवाज चालला.'

मी फोन घेऊन तडक काकांकडे गेलो. चपला वेगवेगळ्या घातल्यात हे तिथे कळलं. ओट्यावर पेट्या होत्या, पण झाकणं उघडी होती आणि काका ट्रम्पेटच्या चाव्यांना तेल देत होते. मी दाखला वाचून दाखवला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"हसताय काय?" मी म्हटलं. "हा सरळ अन्याय आहे. मी उद्याच आक्षेप टाकतो."

"टाक," काका डोळे पुसत म्हणाले. "रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सराव आहे, सगळ्यांना सांग. संथ चाल एक नवीन बसवायचीय. या खेपेला जिवंत माणसासाठी."

"आणि आक्षेप?"

"तो तुझ्याकडे. झांजेसारखा ठेव. वेळ आली की वाजव, सारखा सारखा नको."

म्हणजे मी झांज सारखी सारखी वाजवतो, असं त्यांना म्हणायचं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. रविवारी विचारणार आहे, आणि लेखी.